शनिवारची वीट

माझी मुलगी वत्सला सात वर्षांची असताना तिला मधुमेह झाला. आज ती अठरा वर्षांची आहे. मी हे लिहितोय तेव्हा ती आत चुलीपाशी इंजेक्शनची पिचकारी उकळत ठेवून पोळ्या लाटतेय. हे आधीच सांगतो, कारण ज्यांच्या घरात असं मूल आहे ते पहिल्या पानावर एवढंच शोधत असतात. आम्हीही तेच शोधत होतो.

मी लोणावळ्याच्या स्टेशनात पार्सल ऑफिसात कारकून. मूळचा सुदुंबऱ्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. बोलायची सवय मला फारशी नाही. आमच्या पुण्याच्या डॉक्टरांकडे असं मूल घेऊन कोणी आलं की ते त्यांना माझ्याकडे पाठवतात, आणि मी त्यांना चहा पाजून सुई कशी उकळायची, बाटली गार कशी ठेवायची हे सांगून परत धाडतो. जे सांगायला हवं ते अकरा वर्षं कोणालाच सांगितलं नाही. ते आता लिहितो.

*

पहिल्यांदा लक्षात आलं ते आमच्या नव्हे, ठकूमावशीच्या. ती कुसगावची, रतीबाचं दूध घालायची आणि जाता जाता आमची मोरी घासून द्यायची. एक दिवस मला बाहेरच्या ओट्यावर बोलावून म्हणाली, "भाऊ, पोरगी बसती तितं मुंग्या लागत्यात. रोज. म्या चार दिस बगतीया."

वच्छी, म्हणजे वत्सला, तेव्हा तांबेच्या तांबे पाणी पीत असे, आणि रात्री अंथरूण ओलं करी. आम्ही तिला रागावत होतो. एवढी मोठी घोडी, म्हणत होतो.

पुण्याला नेलं. डॉक्टर वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात वच्छीच्या लघवीचे आठ थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लाल. वच्छी माझ्या मांडीवरून उतरून टेबलाला नाक लावून बघत होती. तिला ते फार आवडलं. "परत करा," म्हणाली.

डॉक्टरांनी परत केलं. मग आम्हाला सगळं सांगितलं. निळं राहिलं तर लघवीत साखर नाही, वीट आली तर भरपूर. रोज दोनदा इंजेक्शन, जन्मभर. त्यांच्या शिक्षणाच्या काळात या वयाची मुलं वर्षभरसुद्धा राहत नसत, आता इन्शुलिन निघालंय, आता राहतात. वच्छीची आई खाली बघून पदराचं टोक पिळत होती. मी मोजूनमापून चार प्रश्न विचारले आणि उत्तरं कागदावर लिहून घेतली. त्यातलं एक उत्तर इथे महत्त्वाचं आहे. डॉक्टर म्हणाले, "आठवड्यातून एक दिवस उपास ठेवा. त्या दिवशी औषध निम्मं द्या."

"शनिवार ठेवला तर?" वच्छीच्या आईने तेवढंच विचारलं. "माझा असतोच."

"कुठलाही ठेवा."

मी लिहिलं: शनिवार, उपास, औषध निम्मं. खाली रेघ ओढली.

*

घरी तपासणीचं काम वच्छीने आपणहून घेतलं. नळी धरायला लाकडाचा चिमटा होता, तो तिच्या हातात मोठा दिसायचा. आठ थेंब ती मोठ्याने मोजायची. रंग वहीत मांडायचे होते, तर ऑफिसातली लाल-निळी पेन्सिल मी तिला दिली, एक टोक लाल, एक निळं. पार्सलांवर खुणा करायची. पण तिचं म्हणणं पडलं की हिरवं आलं तर काय करू? मग हिरव्यासाठी ती मेथीचं पान कागदावर चोळायची, पिवळ्यासाठी हळदीचं बोट. आणि विटकरी रंगाला पेन्सिलीचं लाल टोक चालत नाही, तो रंग तो नव्हे, म्हणून परसातल्या विटेचा तुकडा आणून घासायची. वहीचं पान खरखरीत व्हायचं.

सुई मी टोचायचो. माझा हात थरथरायचा. ती भिंतीकडे तोंड करून पाढे म्हणायची आणि मी कुठल्या आकड्याला टोचलं ते मग सांगायची. "आज सात सक बेचाळीसला."

दोन-तीन आठवडे सगळं नीट चाललं. मग मी वहीत बघायला लागलो की मधेच वीट येते. आठवडाभर निळा-हिरवा, मधेच एकदम वीट.

*

माझ्या धंद्याविषयी थोडं सांगतो. उन्हाळ्यात आमच्याकडून मुंबईला जांभळाच्या पाट्या जायच्या, आणि बारा महिने गुडदाणीचे, म्हणजे चिक्कीचे, डबे. पाटीचा टाका उसवलेला दिसला की हमालाला फार विचारायचं नसतं. "जीभ दाखव," म्हणायचं. जांभूळ खाल्लेलं लपत नाही. गुडदाणीला जीभ रंगत नाही, तिथे तोंडाचा वास घ्यायचा. पंधरा वर्षं मी हे करत होतो आणि त्यात माझी चूक झालेली मला आठवत नव्हती. त्याचा मला अभिमान होता हेही लिहितो.

त्या दिवशी शनिवार होता. संध्याकाळी मी ड्यूटीवरून आलो. वच्छीची आई मारुतीला तेल घालायला गेली होती. वच्छीने नळी तापवली आणि वीट आली, गडद. ती विटेचा तुकडा शोधायला उठली.

मी म्हटलं, "इकडे ये. आज काय खाल्लंस?"

"काही नाही. आज उपास आहे ना."

"बाजारात गेली होतीस?"

"नाही."

"जीभ दाखव."

तिने दाखवली. मग मी तिला जवळ ओढून तोंडाचा वास घेतला. गोड होता. लपून न राहणारा गोड वास, जास्त पिकलेल्या फळासारखा.

मी तिला एक थप्पड मारली.

ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. दारात ठकूमावशी दुधाची चरवी घेऊन उभी होती. तिने चरवी खाली ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, पोरगी चोरटी न्हाई. चोरटं पोर खाऊन जाडं हुतं. हिची कशी पाठीची हाडं दिसाया लागलीती, बगा तरी."

"तुला यातलं काही कळत नाही, मावशी."

"न्हाई कळत," ती म्हणाली. दूध ओतून निघून गेली.

वच्छीच्या आईला मी काही सांगितलं नाही. वच्छीनेही नाही.

*

दुसऱ्या दिवसापासून निळा. रविवारी निळा, सोमवारी निळा, पुढच्या शनिवारीही निळा. मी संध्याकाळी आलो की ती माझ्यासमोर आठ थेंब मोजून टाकायची, तापवायची आणि नळी माझ्यापुढे धरायची. आभाळासारखा स्वच्छ निळा. मी म्हणायचो, "शाबास."

मी दर आठवड्याला डॉक्टरांना पत्र टाकायचो: सर्व निळे. त्यांचं उत्तर आलं, औषध थोडं कमी करा. पुन्हा पत्र, सर्व निळे. आणखी कमी करा. मला वाटलं, धाक बसला. इतरांची पोरं बिघडतात कारण त्यांना धाक नसतो, असं मी ऑफिसात एकाला सांगितल्याचंही आठवतं.

निळ्या औषधाची बाटली मात्र लवकर संपत होती. टाका उसवलेली पाटी पन्नासांत ओळखणारा मी, बूच सैल असेल म्हणून नवं बूच आणलं.

वच्छी वाळत चालली होती. उन्हाळा आहे, म्हटलं. खेळायला जाईना. वाचनाची गोडी लागलीय, म्हटलं. एका गुरुवारी तिला उलट्या सुरू झाल्या, पाणीही ठरेना. शुक्रवारी पहाटे तिचा श्वास लांब लांब, धावून आल्यासारखा चालायला लागला. सकाळच्या गाडीने आम्ही तिला पुण्याला काढलं.

बाकावर तिला आडवं घातलं होतं, डोकं आईच्या मांडीवर. डब्यात गर्दी नव्हती. घोरावाडीला गाडी जरा जास्त थांबली. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, धोतर-कोट घातलेले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि सहज विचारलं, "केळी कोणाची आहेत? फार पिकलीत. आजच खाऊन टाका."

डब्यात कोणाजवळही केळी नव्हती. टोपली नव्हती, पिशवी नव्हती. तिच्या आईने मला विचारलं, "कसली केळी?" मी वाकून वच्छीच्या तोंडाशी नाक नेलं. तोच वास होता. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब राहिला नव्हता.

गाडी सुटली. पुण्यापर्यंत मी तोंड उघडलं नाही. हिला वाटलं मी देवाचं नाव घेतोय.

*

इस्पितळाचे पहिले दोन दिवस मी लिहीत नाही. ज्यांच्यावर ते आले असतील त्यांना ठाऊक आहेत. तिसऱ्या दिवशी ती जागी झाली आणि म्हणाली, "माझी वेणी कोणी सोडली?" बस.

त्यानंतरचं इस्पितळ वाईट नव्हतं. सकाळी सहाला फरशी पुसायचे, फिनेलचा वास यायचा. सातला दूध. नर्सबाई नळ्यांचं तबक घेऊन फिरायच्या. चौथ्या दिवशी वच्छी त्यांना म्हणाली, "माझी मी तापवते." त्यांनी आधी नको म्हटलं, मग तिचा हात बघून तिला दिवा दिला. पुढे शेजारच्या खाटेवरच्या मुलाचीही नळी तीच तापवायची आणि रंग मोठ्याने जाहीर करायची. पुण्यात राहणारी माझी मावसबहीण दोन्ही वेळचा डबा पाठवायची आणि कसं झालं, का झालं, हे तिने एकदाही विचारलं नाही. त्या बाईचे उपकार मी विसरलो नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टर माझी वही घेऊन खाटेपाशी बसले. म्हणजे वच्छीची, निळ्यांची वही. ते मला म्हणाले, "सगळे निळे असतील तर ही मुलगी इथे यायला नको होती."

वच्छी छताकडे बघत होती. मग म्हणाली, "ती वही खरी नाही. खरी पिठाच्या डब्यामागे आहे. ठकूमावशीला सांगा."

मी स्टेशनावरून निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी ठकूमावशी स्वतःच वही घेऊन आली. जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसली होती. वच्छीला बघून म्हणाली, "ऊठ की आता. लय झोपलीस."

खरी वही वच्छीने दुपारी लिहिलेली होती, मी ऑफिसात असताना. संध्याकाळी माझ्यासमोर ती नळीत पाण्याचे आठ थेंब टाकत होती. नळाच्या पाण्याने औषध निळंच राहतं हे तिने आपल्या डोक्याने शोधून काढलं होतं.

डॉक्टरांनी पानं उलटली. त्यांच्या बोटांना लाल भुकटी लागली.

"हे कशाचं गं?"

"विटेचं. पेन्सिलीला तो रंग नाही."

"दर सातव्या दिवशी वीट आहे. इथे, इथे, इथे. नंतर मी औषध कमी केलं तसे पिवळे वाढलेत, शेवटी सगळ्या विटा. पण आधी फक्त सातव्या दिवशी. कुठला वार?"

"शनिवार."

"शनिवारी काय खातेस?"

"काही नाही. शनिवारी उपास असतो."

"मग दिवसभर काहीच नाही?"

"उपासाचं खाते."

डॉक्टरांनी वहीतून मान वर केली. "काय काय?"

तिने बोटांवर मोजलं. "साबुदाण्याची खिचडी. रताळी. वरीचे तांदूळ. केळं. आई भरपूर करते, कारण दुसरं काही खायचं नसतं ना."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. पांढरा साबुदाणा, रताळी, केळी; इतर दिवशी मापून मिळणारं सगळं पीठ-गोड त्या एका दिवशी ताट भरून, आणि औषध निम्मं. ते म्हणाले, "मी स्वतः दर एकादशीला हेच खातो. आणि तुम्हाला उपास म्हणून सांगितलं. माझ्या मनात होतं ताक आणि पालेभाजी." मग वच्छीकडे बघून म्हणाले, "तुझी वही मला दे. नको, तुझ्याजवळच ठेव. मी उतरवून घेतो."

वच्छीच्या आईला सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती खाटेच्या कठड्याला धरून खाली बसली. "मीच घालत होते," म्हणाली. "शनिवारी तिला पोटभर मिळावं म्हणून मीच."

आता मी जे लपवलं ते. डॉक्टरांनी मला विचारलं, "पण मुलीने खोटी वही का केली?"

मी म्हटलं, "काय माहीत. लहान आहे. वात्रटपणा."

वच्छीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ठकूमावशी खाटेच्या पायथ्याशी उभी होती, तिनेही बघितलं. दोघीही काही बोलल्या नाहीत. सात वर्षांच्या मुलीने त्या दिवशी मला सांभाळून घेतलं. आणि पुढे कितीतरी महिने वच्छीची आई सगळा दोष आपल्याच माथ्यावर घेऊन बसली होती, शनिवार आला की चुलीपुढे रडायची, आणि तिचा अर्धा भार उचलायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोललो नाही. हे पान मी आधी तिलाच वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठकूमावशीने मला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही कधी सांगताय ते बघत होते."

*

घरी आल्यावर मी वच्छीला विचारलं. मोरीपाशी ती नळ्या धूत होती. म्हटलं, "पाणी माझ्यासाठी घालत होतीस, ते कळलं. मग खरी वही कोणासाठी?"

ती म्हणाली, "मला बघायचं होतं मी चोरून खाते का."

"म्हणजे?"

"तुम्ही वास घेतलात, तुमचं कधी चुकत नाही. म्हणून मला वाटलं मी झोपेत उठून खात असेन. मग मी पायाला रिबीन बांधून खाटेला बांधायचे. सकाळी गाठ तशीच असायची. तरी शनिवारी वीटच."

मी तिथून उठून अंगणात गेलो. तिला जवळ घ्यायला हवं होतं. ते त्या दिवशी सुचलं नाही.

पण इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी एक काम सांगितलं होतं. तो गोड वास आजाराचाच असतो, औषध कमी पडलं की येतो, तेव्हा रोज सकाळी तोंडाचा वास बघत जा. हे काम माझ्याच्याने होईना. मी आठ दिवस टाळलं. नवव्या दिवशी मी दाढी करत असताना वच्छी समोर येऊन उभी राहिली, टाचा उंच करून माझ्या तोंडावर फुंकर घातली.

"कसला आहे?"

"राखुंडीचा."

"नीट घ्या. डॉक्टरांनी सांगितलंय."

मी नीट घेतला. दात घासायच्या राखुंडीचाच होता. त्यानंतर हे रोज. ती मोठी झाली, माझ्या खांद्याला लागली, तरी सकाळी येऊन "हाऽ" करायची आणि मी सांगायचो: राखुंडी, दूध, कांदा. पावसाळ्यात एकदा तिला ताप होता तेव्हा मी म्हटलं, "केळं," आणि तिने लगेच जाऊन नळी तापवली, आणि आम्ही वेळेत औषध वाढवलं. त्या नाकाचा एवढा एक उपयोग झाला.

*

आठव्या वर्षी ती म्हणाली, "माझी मी टोचते. तुमचा हात थरथरतो." आधी वांग्यांवर सराव केला. ती वांगी मी टाकून देणार होतो, ठकूमावशी ओच्यात घालून घेऊन गेली. "सुई टोचल्यालं वांगं काय दवाखान्यात न्ह्याचं हाय व्हय," म्हणाली.

इन्शुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. युद्धात बाटल्या मिळेनाशा झाल्या तेव्हा मुंबईहून येणारा एक गार्ड आपल्या जेवणाच्या डब्यात बर्फाच्या फडक्यात गुंडाळून आणायचा. त्याने कधी उपकार म्हणून सांगितलं नाही. ताटात काय किती हे वच्छी स्वतः ठरवते, आईला वाढू देते आणि जास्त झालं की परत काढून ठेवते. शनिवारी ती जेवते. तिची आई अजून उपास करते, पण वच्छीच्या वाटची खिचडी नाही करत.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना मला थोडंच सांगायचंय. नळी आणि दिवा मुलाच्या हाती द्या, ते आपल्यापेक्षा नीट बघतं. आणि कुठलाही रंग आला तरी चेहरा बदलू नका. निळ्याला शाबास म्हटलंत तर विटेला काय म्हणाल ते मूल आधीच ओळखतं.

*

हे सगळं लिहून झाल्यावर मी कागद वच्छीपुढे ठेवले. तिने चुलीपाशी बसूनच वाचले, मधे उठून पोळी उलटली, पुन्हा वाचले. मग फडताळातून लाल-निळी पेन्सिल काढली, एवढीशी उरलीय आता, आणि एका ठिकाणी खूण करून कागद मला परत दिले.

मी बघितलं. 'एक थप्पड' मधला 'एक' तिने खोडला होता आणि वर निळ्या टोकाने लिहिलं होतं: दोन.

"दोन होत्या, आबा," ती म्हणाली. "दुसरी उजव्या कानावर. बाकी सगळं बरोबर आहे."

मला खरोखर आठवत नव्हती. आता आठवते. वर मी लिहिलेलं तसंच ठेवलंय, वाचणाऱ्याने 'दोन' वाचावं.

मग तिने पिचकारी उकळत्या पाण्यातून काढली आणि चहा घ्या म्हणाली, गार होतोय.